नवे शालेय वर्ष आणि मुलांच्या आरोग्याची पूर्वतयारी

(रुग्णालयाच्या देणगीदार व पालक मेळाव्यात रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या आरोग्याविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा अध्यक्षांनी मला केली, तेव्हा मी नम्रपणे त्यांच्या निदर्शनास आणले की, हा विषय आमच्या बालरोगतज्ज्ञांचा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझी हयात जमाखर्चाच्या वह्यांत गेली. त्यावर ते म्हणाले, "औषध काय द्यायचे, ते डॉक्टर सांगतील. मूल रुग्णालयात उशिरा का येते, हे तुमच्या वह्यांत नोंदलेले असते. ते तुम्ही सांगा." त्या आज्ञेनुसार मी आपल्यापुढे उभा आहे. भाषणातील वैद्यकीय बाबी मी आमच्या डॉक्टरांकडून तपासून घेतल्या आहेत. हिशेब मात्र माझा आहे.

खानदेशातील मे महिना आपणांस नव्याने सांगायला नको. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि सारे लक्ष मृगाच्या पावसाकडे लागलेले असते. पहिल्या सरी पडल्या की एकाच पंधरवड्यात घरावर दोन खर्च एकदम कोसळतात. एकीकडे कापसाचे बियाणे, खते, ट्रॅक्टरचे भाडे; दुसरीकडे गणवेश, वह्या, दप्तर आणि छत्री. मागच्या हंगामाचा पैसा संपलेला असतो व नव्या हंगामाचा यायला दिवाळी उजाडते. अशा वेळी आई-वडील जी यादी करतात, तीत मुलाच्या तपासणीची ओळ नसते. मूल खेळते आहे, जेवते आहे, मग त्याला दवाखान्यात कशाला न्यायचे, असा विचार होतो. तो अस्वाभाविक नाही. परंतु जो खर्च मे महिन्यात यादीतून सुटतो, तो पुढे व्याजासह वसूल होतो. कधी तो श्रावण-भाद्रपदात रुग्णालयाच्या बिलात येतो, तर कधी मुलाच्या प्रगतिपुस्तकात. दुसऱ्या प्रकारची वसुली फार महाग पडते, कारण ती आयुष्यभर चालते.

शाळेत घालायचे तर मुलाची तपासणी करून घालावे, हा विचार आपल्याकडे जुना आहे आणि तो आपल्या शेजारच्याच मातीतून आलेल्या एका पुरुषाच्या राज्यात प्रथम अमलात आला. मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी १८६३ मध्ये जन्मलेले सयाजीराव महाराज बडोद्याच्या गादीवर गेले. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये ते आपल्या सर्व राज्यात लागू केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ येथूनच मानला जातो. पुढे स्वतंत्र भारतात शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि पुन्हा तीनच वर्षांनी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. दोन्ही वेळचा क्रम सारखाच आहे. मुलाला वर्गात बसणे भाग पाडले की त्याला फळा दिसतो का, गुरुजींचे बोलणे ऐकू येते का आणि दिवसभर बसण्याइतके बळ त्याच्या अंगात आहे का, हे पाहण्याची जबाबदारी आपोआप समाजावर येते.

या कार्यक्रमाखाली आज शासनाची फिरती वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब अशा चार अंगांनी मूल पाहिले जाते. दोष आढळला तर मोठ्या रुग्णालयाकडे चिठ्ठी दिली जाते आणि पुढील उपचार विनामूल्य होतात. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीपासून आहेच. जळगावलाही २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तात्पर्य, तपासणीची सोय नाही म्हणून मूल उपचारावाचून राहिले, असे म्हणण्याचे दिवस आता बऱ्याच अंशी सरले आहेत.

मग अडते कोठे? चिठ्ठी आणि उपचार यांच्या मध्ये अडते. याविषयी मी पुढे सविस्तर बोलणार आहे. तत्पूर्वी पालकांनी शाळा उघडण्याआधी कोणत्या गोष्टी पाहून घ्याव्यात, त्या क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट डोळे. लहान मूल आपल्याला कमी दिसते अशी तक्रार करीत नाही, कारण जसे दिसते तसेच सर्वांना दिसत असावे, अशी त्याची समजूत असते. ते फळ्याजवळ जाऊन बसते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते, दूरदर्शन संचाजवळ सरकते आणि आपण त्याला दटावतो. घरच्या घरी एक साधी पारख करता येते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून मुलाला काही पावले दूर उभे करावे, एक डोळा तळहाताने न दाबता झाकावा व आकडे वाचायला सांगावे. मग दुसरा डोळा झाकावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचायला लावले, तर चांगला डोळा कमजोर डोळ्याची उणीव झाकतो व दोष लक्षात येत नाही. दोन डोळ्यांत फरक जाणवला, तर विलंब न लावता नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. ज्याला डॉक्टर 'आळशी डोळा' म्हणतात, तो दोष सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर चांगला सुधारतो. वय वाढत जाते तसतशी सुधारण्याची आशा कमी होते.

दुसरी गोष्ट कान. मुलाच्या पाठीमागे उभे राहून हलक्या आवाजात त्याचे नाव घ्यावे. वारंवार हाक मारावी लागत असेल, कान वाहत असेल किंवा सर्दी गेल्यावरही कान दुखत असेल, तर तपासणी करावी. कानात गरम तेल ओतण्याची आपल्याकडची रीत कृपया सोडून द्यावी. पडद्याला छिद्र असेल तर त्यातून अपायच होतो. वर्गात 'लक्ष नाही' असा शेरा मिळालेल्या मुलाचे कान आधी पाहावेत आणि मग त्याला बोल लावावा.

तिसरी गोष्ट रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. हीच मुले आज शाळेत आहेत किंवा शाळेच्या उंबरठ्यावर आहेत. रक्त कमी असलेले मूल अंथरूण धरत नाही. ते फक्त मागे मागे राहते. खेळताना लवकर दमते, दुपारच्या तासाला पेंगते आणि पाठ केलेले विसरते. हिमोग्लोबिनची तपासणी बोटाच्या एका थेंबात होते. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या, ५ ते ९ वर्षांसाठी गुलाबी व १० ते १९ वर्षांसाठी निळ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या असतात. गोळी घेतल्यावर मळमळते म्हणून अनेक मुले ती चोरून फेकतात. जेवणानंतर घेतली तर हा त्रास कमी होतो. फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये शाळेतून दिली जाणारी जंतनाशक गोळीही चुकवू नये. आहाराबद्दल म्हणाल तर आपल्या खानदेशी स्वयंपाकघराला बाहेरून काही आणावे लागत नाही. कळण्याची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि वर लिंबाची फोड, एवढे पुरे आहे. मात्र सकाळच्या शाळेला निघताना चहा आणि दोन बिस्किटे यांवर मुलाची बोळवण करणे थांबले पाहिजे. जेवणाबरोबरचा चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही.

याच ठिकाणी सिकलसेलविषयी सांगणे अगत्याचे आहे. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या भागांतील आदिवासी कुटुंबांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्याखाली तपासणी विनामूल्य होते. या आजाराच्या मुलाला तहान सोसवत नाही, कडाक्याची थंडी आणि अतिश्रम सोसवत नाहीत. हातपाय असह्य दुखू लागतात. म्हणून पालकांनी शाळा उघडताच मुख्याध्यापकांना भेटून ही गोष्ट सांगावी आणि मुलाला हवे तेव्हा पाणी पिण्याची व लघवीला जाण्याची मोकळीक मागावी. या आजारात केवळ अशक्त दिसतो म्हणून लोहाची गोळी देऊ नये. ती द्यायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे.

चौथी गोष्ट लसीकरण. बाळाचे कार्ड पेटीच्या तळाशी जाते व विसरले जाते. ते बाहेर काढावे. पाचव्या-सहाव्या वर्षी त्रिगुणीचा दुसरा बूस्टर असतो, १० व्या व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते आणि गोवर-रुबेलाचे दोन डोस त्याआधीच पूर्ण झालेले असावे लागतात. आपल्या राज्यात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाची मोठी मोहीम शाळाशाळांतून झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तिचा लाभ मिळालेला नाही. शिवाय प्राथमिक वर्गांतील अनेक मुले २०२०-२१ च्या कोरोनाकाळात तान्ही होती व त्या वेळी लसीकरणाच्या फेऱ्यांत खंड पडला होता. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. मालेगाव धुळ्यापासून किती दूर आहे, हे मी सांगायला नको. राहिलेली लस प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते.

याखेरीज काही लहान, बिनखर्चाच्या गोष्टी आहेत. सुटीत मुले रात्री गच्चीवर उशिरापर्यंत जागतात. शाळेच्या पंधरा दिवस आधीपासून झोपेची वेळ हळूहळू मागे आणावी. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असा शासनाचा नियम आहे. एकदा तराजूवर ठेवून पाहावे. पावसाळ्यात पाणी उकळून द्यावे. जुलाब लागल्यास जलसंजीवनीची संपूर्ण पुडी एक लिटर पाण्यात मिसळावी, अर्धी पुडी पेलाभर पाण्यात नव्हे. आणि सोबत दिलेल्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण कराव्यात.

आता मी माझ्या वह्यांकडे वळतो.

शिबिरात तपासणी होते, चिठ्ठी मिळते, आणि नंतर पुष्कळदा काहीच होत नाही. याची कारणे मी पालकांनाच विचारीत आलो आहे आणि ती निष्काळजीपणाची नाहीत. चिठ्ठी मिळते तेव्हा पेरणी चालू असते किंवा कापूस वेचणीला आलेला असतो. रुग्णालयात येणे म्हणजे आईची किंवा बापाची एक दिवसाची मजुरी बुडणे. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, लहान मुलांचे तिकीटही अर्धे असते. तरीही पाड्यावरून बसथांब्यापर्यंतची जीप, शहरातील रिक्षा आणि दुपारचे खाणे यांचा हिशेब होतोच. पहिल्या दिवशी डोळ्यांत थेंब टाकून तपासणी होते, चष्मा दुसऱ्या फेरीला मिळतो. ती दुसरी फेरी घडत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याची जी कुटुंबे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, त्यांची अडचण आणखी निराळी आहे. ती दिवाळीनंतर बाहेर पडतात व उन्हाळ्यात परततात. शाळेतील तपासणी हिवाळ्यात झाली, तर त्यांची मुले त्या दिवशी पटावर असतात, वर्गात नसतात. मे आणि जून हेच दोन महिने असे आहेत की, ही मुले हमखास घरी सापडतात. शाळा उघडण्यापूर्वीच्या तपासणीचा मी आग्रह धरतो, त्याचे हे मुख्य कारण आहे.

आणि चष्मा हाती आल्यावरही काम संपत नाही. एका गावी वाटलेल्या चष्म्यांची चौकशी करण्यास आमचे कर्मचारी गेले असता एका माउलीने मुलाचा चष्मा फडताळातून, स्वच्छ रुमालात गुंडाळलेला, बाहेर काढून दाखविला. "फुटू नये म्हणून ठेवलाय, परगावी जाताना लावतो," असे तिने सांगितले. तिने वस्तू जिवापाड जपली होती. चष्मा फुटला तर दुसरा मिळेल, ही खात्री तिला कोणी दिलेली नव्हती. मुलीच्या बाबतीत तर 'चष्मा लागला असे गावात कळले तर पुढे लग्नाला अडचण' या भीतीने तो मुळात घातलाच जात नाही. मुलगी डोळे बारीक करून शिकते आणि एक दिवस शिकणे सोडते. शाळा सोडण्याचे कारण म्हणून मात्र 'अभ्यासात रस नाही' असे लिहिले जाते.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपण आमच्या शिबिरांना नेहमीच उदारपणे देणगी देता. शिबिराच्या दिवशी मंडप असतो, मुलांची रांग असते, छायाचित्र निघते व दिलेल्या पैशाचे दृश्य फळ पाहावयास मिळते. त्यात गैर काही नाही. परंतु हिशेबनीसाच्या नात्याने मला सांगितले पाहिजे की, ज्या मुलाचा दोष सापडला पण दूर झाला नाही, त्याच्यावर केलेला तपासणीचा खर्च येणे बाकीतच राहतो. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. त्या निधीतून औषधोपचाराचा खर्च भागतो. जीपचे भाडे, बुडालेली मजुरी आणि फुटलेल्या चष्म्याच्या जागी दुसरा चष्मा, या गोष्टी त्यात बसत नाहीत. ही पोकळी देणगीनेच भरून निघू शकते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. यंदा आपण एका शिबिराइतकी रक्कम देणार असाल, तर तिचा एक भाग 'दुसऱ्या फेरी'साठी राखून ठेवण्याची परवानगी द्यावी. त्यातून तीन कामे होतील. चिठ्ठी मिळालेल्या मुलाला व सोबतच्या पालकाला येण्या-जाण्याचा खर्च मिळेल. प्रत्येक चष्म्यामागे एक राखीव चष्मा त्याच नंबरचा तयार राहील आणि तो फुटला तर विनाचौकशी बदलून दिला जाईल. तिसरे म्हणजे, एक कर्मचारी केवळ पाठपुराव्याचे काम करील. चिठ्ठ्यांची वही ठेवील, आशाताईंना व शिक्षकांना दूरध्वनी करील, न आलेल्या मुलाच्या घरी जाईल. या कामाचे छायाचित्र निघणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की, पुढील वर्षापासून आपल्या अहवालात शिबिरांच्या तक्त्याला चार रकाने असावेत: तपासलेली मुले, दोष आढळलेली मुले, उपचार पूर्ण झालेली मुले आणि बाकी राहिलेली मुले. आजवर अशा अहवालांतून, आपल्या व इतर संस्थांच्याही, पहिला रकाना ठळक अक्षरांत छापण्याची प्रथा आहे. चौथा रकाना ठळक छापावा. ताळेबंदात येणे बाकी लपवीत नाहीत, तशी ही बाकीही लपवू नये. ती शून्यावर येईपर्यंत वर्षाचा हिशेब पूर्ण झाला, असे समजू नये.

शिक्षकांपैकीही काही जण येथे उपस्थित आहेत. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजींनी मुलांची मायेने देखभाल केली, त्या खानदेशचे आपण शिक्षक आहात. पटावरील नावापुढे एका लहानशा खुणेने 'चष्मा आहे', 'कान तपासावा', 'सिकलसेल' एवढे नोंदवून ठेवले व चष्मा असलेले मूल तो लावून बसले आहे ना, एवढे रोज पाहिले, तर आमचे निम्मे काम होईल. मात्र ही नोंद आपल्यापुरतीच ठेवावी. वर्गात तिचा उच्चार होऊन मुलाला नाव पडू नये.

आणि पालकहो, आपल्याकडून फारसे मागायचे नाही. पेरणीच्या धांदलीत शक्य होणार नाही, म्हणून मृगाच्या आधीचा एक दिवस राखून ठेवावा. बियाणे आणायला तालुक्याला याल, त्याच फेरीत मुलाला सोबत आणावे. लसीचे कार्ड आणि पूर्वी मिळालेली एखादी जुनी चिठ्ठी असेल तर तीही आणावी. ती कितीही जुनी, चुरगळलेली असली तरी आमच्या खिडकीवर कोणी तुम्हाला 'एवढे दिवस कोठे होता?' असे विचारणार नाही, याची हमी मी प्रशासक या नात्याने या व्यासपीठावरून देतो. मुलाची चिठ्ठी घेऊन आलेला पालक उशिरा आला तरी वेळेवर आला, असेच आम्ही मानू.